मुंबई ते तेल अवीव : मध्ये अबूधाबी



आपल्या सिनेगॉगच्या इतिहासाबद्दल माझ्यापेक्षा जाणकार मंडळी बोलून गेली आहेत. मला मंडळाने सांगितले होते की, तुम्ही नर्स होता, तेव्हा ज्येष्ठांच्या प्रकृतीवर चार शब्द बोला. ते मी बोलणारच आहे, पण वेगळ्या वाटेने. इथे आल्यापासून जो भेटला त्याने मला एकच प्रश्न विचारला, 'काय गं, अबूधाबीहून किती तास लागतात?' अश्दोदहून आलेल्यांनी तो विचारला, ठाण्याच्यांनीही विचारला. म्हणून आज अंतर आणि वेळ ह्या विषयावरच बोलते. त्यात प्रकृती आपोआप येते.

गेली काही वर्षे मी वर्षातले सात-आठ महिने मुलाकडे अबूधाबीच्या अल रीम आयलंडवर राहते. नाव आयलंड असले तरी बोटीने जावे लागत नाही. मुख्य शहराला ते पुलांनी जोडलेले आहे. जिकडे पाहाल तिकडे काचेचे मनोरे. सन टॉवर आणि स्काय टॉवर हे दोन अगदी लांबून दिसतात, आणि गेट टॉवर्स म्हणून तीन इमारतींची एक रांग आहे, त्यांच्या माथ्यावरून एक आडवा पूल टाकला आहे. खाली पाण्याच्या कडेला खारफुटीची झाडे आहेत. ती पाहिली की मला आपली अलिबाग-रेवदंड्याची खाडी आठवते. फक्त चिखलाचा वास तेवढा नाही. आमच्या इमारतीत उद्वाहनात शिरले की मल्याळी, उर्दू, फिलिपिनो, अरबी असे सगळे कानावर पडते, आणि कधीतरी अचानक 'अगं दूध संपलंय, येताना आण' असे शुद्ध मराठी.

माझा नातू अकरा वर्षांचा आहे. त्याला शाळेत भूगोलाचा प्रकल्प होता. त्याने पृथ्वीचा गोल घेतला आणि मुंबईपासून तेल अवीवपर्यंत एक दोरा ताणून धरला. मग मला हाक मारली, 'आजी, हे बघ, दोरा आपल्या घराजवळून जातोय!' मला वाटले, पोराची गंमत. पण त्याने संगणकावर आकडे काढून दाखवले. मुंबई ते अबूधाबी सरळ हवाई अंतर सुमारे १,९७० किलोमीटर. अबूधाबी ते तेल अवीव सुमारे २,१०० किलोमीटर. दोन्ही मिळून चार हजार सत्तरच्या आसपास. आणि मुंबई ते तेल अवीव थेट? सुमारे ४,०५० किलोमीटर. म्हणजे अबूधाबीत उतरून गेले तरी जेमतेम वीस-तीस किलोमीटरचा फरक, भायखळ्याहून ठाण्याला जाण्याइतका. आमचे घर आपल्या दोन घरांच्या जवळजवळ मधोमध, आणि तेही सरळ रेषेच्या जवळपास!  पृथ्वी गोल असल्यामुळे दोरा थोडा उत्तरेकडे झुकतो. आणखी एक गंमत त्याने काढली. दिल्ली आणि मुंबई ही दोन्ही शहरे तेल अवीवपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत.

आमची आजी रेवदंड्याची. ती अंतर कोसात किंवा मैलात सांगत नसे, भाकरीत सांगे. 'अलिबाग काय, एका भाकरीची वाट. पेण दोन भाकऱ्यांची.' वाटेत कितीदा सोडून खावे लागते, त्यावर अंतर. मला तिचा हिशेब आजही पटतो. किलोमीटर बदलत नाहीत, पण भाकऱ्या बदलतात, आणि आपल्या समाजाच्या बाबतीत त्या किती बदलल्या ते ऐकण्यासारखे आहे.

हा सरळ दोरा नवीन नाही, हे मला वाचनात आले तेव्हा मी थक्क झाले. १९३२ साली इम्पीरियल एअरवेजची विमाने लंडनहून हिंदुस्थानची टपाल घेऊन येत. त्यांची वाट गाझा, बगदाद, बसरा अशी होती. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात ती इराणच्या किनाऱ्यावरून हलवून अरबी किनाऱ्यावर आणली गेली. मग कुवेत, बहारीन, शारजा, ग्वादर आणि कराची. शारजाला त्यासाठी वाळवंटात धावपट्टी आणि किल्ल्यासारखे विश्रामगृह बांधले होते. आणि कराचीहून ती टपाल पुढे मुंबईला कोणी आणली? १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी, आपल्या छोट्या पुस मॉथ विमानातून, अहमदाबादमार्गे जुहूला. म्हणजे आमच्या वडिलांच्या जन्माच्या सुमारास पॅलेस्टाईन, आखाती किनारा आणि मुंबई ही एकाच विमानवाटेवरची गावे होती. मुक्काम करत, इंधन भरत दिवसच्या दिवस लागत, पण वाट सरळ होती.

मग १९४८ उजाडले. इस्रायल राष्ट्र झाले आणि अरब देशांनी आपल्या आकाशातून तिकडे जाणारी वाट बंद केली. दोरा तुटला. भारताने १७ सप्टेंबर १९५० रोजी इस्रायलला मान्यता दिली, मुंबईत त्यांची वकिलातही आली, पण पूर्ण राजनैतिक संबंध जुळायला २९ जानेवारी १९९२ उजाडावे लागले. ह्या चाळीस वर्षांतच आपले बहुतेक लोक गेले. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणांनी तो प्रवास केला आहे, तो मी तुम्हाला काय सांगणार? माझ्या आईचा धाकटा भाऊ साठच्या दशकात दिमोनाला गेला. नंतर एकदा माझी मावशी त्याला भेटायला गेली ती रोमवरून. पश्चिमेला युरोपात जायचे आणि तिथून उलटे पूर्वेला यायचे! दादरहून परळला जाण्यासाठी आधी पुण्याला जाऊन यावे तसे. मावशी परत आल्यावर म्हणाली होती, 'मोशेने लोकांना चाळीस वर्षं फिरवलं, आम्हाला दोन दिवसच फिरवलं, तक्रार कशाला करायची?'

१९९०च्या दशकात मुंबईहून थेट विमाने सुरू झाली आणि आपल्याला स्वर्ग दोन बोटे उरला. पण ते थेट विमानही सरळ जात नव्हते, हे पुष्कळांना ठाऊक नाही. सौदी अरेबियाचे आकाश बंद होते. विमान मुंबईहून निघाले की नैर्ऋत्येला अरबी समुद्रावरून एडनच्या आखातापर्यंत उतरायचे, तिथून वळून तांबड्या समुद्राने वर चढत एलातपर्यंत, आणि मग तेल अवीव. नातवाने त्याही वाटेवर दोरा लावून मोजले. साडेपाच हजार किलोमीटर भरले. चार हजारांच्या जागी साडेपाच. जाताना जवळजवळ आठ तास. पन्नाशीपुढच्या माणसाच्या गुडघ्यांना त्या वरच्या दोन तासांचा अर्थ बरोबर कळतो.

दोरा पुन्हा सांधला गेला तो हळूहळू. २२ मार्च २०१८ रोजी एअर इंडियाचे दिल्ली-तेल अवीव विमान पहिल्यांदा सौदीच्या आकाशातून गेले. साडेसात तासांच्या आत-बाहेर लागले. इस्रायलच्या एल अल कंपनीने तेव्हा न्यायालयात दाद मागितली, की आमच्या विमानांना मात्र लांबूनच जावे लागते, ही स्पर्धा बरोबरीची नाही. व्यापाराच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे खरेच होते. पुढे ३१ ऑगस्ट २०२० रोजी एल अलचेच एक विमान तेल अवीवहून निघाले आणि सौदीवरून सरळ अबूधाबीला उतरले. तीन तास वीस मिनिटांच्या आसपास. त्या विमानाचे नाव होते किर्यात गत. खिडकीच्या वर 'शांती' हा शब्द अरबी, हिब्रू आणि इंग्रजीत रंगवला होता. उड्डाणाचा क्रमांक ९७१, जो अमिरातीला फोन लावण्याचा क्रमांक आहे; परतीचा ९७२, जो इस्रायलचा. असल्या बारीकसारीक गोष्टी कोणी तरी बसून ठरवल्या असतील, मला त्या माणसाचे कौतुक वाटते.

त्याच्या दोनच दिवस आधी अमिरातीने १९७२ सालचा इस्रायल-बहिष्काराचा कायदा रद्द केला होता. १५ सप्टेंबरला वॉशिंग्टनला करारावर सह्या झाल्या. नोव्हेंबर २०२०मध्ये दुबईहून फ्लायदुबईची नियमित विमाने सुरू झाली आणि २०२१मध्ये अबूधाबीहून एतिहादची. जुलै २०२२मध्ये सौदीने सर्व कंपन्यांना आकाश खुले केले, फेब्रुवारी २०२३मध्ये ओमाननेही, त्यामुळे इस्रायली विमानांना पूर्वेकडे जाणारी वाट आखूड झाली. ज्या आखाती देशांत जाताना आपले लोक पासपोर्टवर इस्रायलचा शिक्का नको म्हणून काळजी करत, तिथूनच आता इस्रायलला विमान. शिक्क्याचा प्रश्न तसा २०१३पासूनच सुटला होता, कारण तेव्हापासून तिथे शिक्क्याऐवजी कागदाची चिठ्ठी देतात. पण भीती शिक्क्यापेक्षा जास्त दिवस टिकते.

आता वेळेचा खरा हिशेब. मुंबईहून अबूधाबीला विमानाला सव्वातीन तास लागतात, परत येताना पावणेतीन. अबूधाबीहून तेल अवीवला साडेतीन, येताना तीन. जाताना जास्त आणि येताना कमी असे का, असे माझ्या वहिनीने विचारले. तिला वाटले, घरी परतायची ओढ! कारण वाऱ्याचे आहे. विमाने उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो आणि हिवाळ्यात तो जास्त जोर धरतो. पश्चिमेला जाताना तो समोरून येतो, मुंबईकडे येताना पाठीवर.

पण हवेतला वेळ म्हणजे प्रवासाचा वेळ नव्हे. आमच्या अल रीमहून विमानतळ तीसेक किलोमीटर, टॅक्सीने अर्धा तास. त्याचे नाव आता झायेद आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे आणि नोव्हेंबर २०२३पासून नवीन टर्मिनल सुरू झाले आहे. चालायला भरपूर आहे, तेव्हा ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी चाकांची खुर्ची तिकिटाबरोबरच मागून ठेवावी, लाज बाळगू नये. तीन तास आधी पोहोचायचे. तिकडे उतरल्यावर तपासणी, सामान आणि पुढे बीरशेबा असेल तर आणखी सव्वा तास मोटारीचा. साडेतीन तासांचा प्रवास दाराच्या उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत नऊ-दहा तासांचा होतो. शिवाय घड्याळ. अबूधाबी मुंबईच्या दीड तास मागे. इस्रायल अबूधाबीच्या हिवाळ्यात दोन तास मागे आणि उन्हाळ्यात एक तास.

हे मी एका विशिष्ट रात्रीच्या संदर्भात सांगते आहे. आपल्यात मयताला ताटकळत ठेवत नाहीत. शक्यतो त्याच दिवशी दफन, आणि इस्रायलात तर ते फारच काटेकोरपणे पाळतात. माझा मामा दिमोनाला वारला ते १९८४ साल. तार आली चौथ्या दिवशी. आईने त्या दिवसापासून शिवा धरली, सात दिवस जमिनीवर बसली. मामाच्या घरची शिवा तेव्हा निम्मी उलटली होती. आई मला म्हणाली, 'त्याचं तोंड नाही पाहिलं ते नाही, पण ज्या वेळी त्याला मातीत ठेवत होते त्या वेळी मी बाजारात वांगी निवडत होते.' हे वाक्य मी चाळीस वर्षे विसरलेले नाही.

नोव्हेंबर २०२२मध्ये माझी थोरली बहीण बीरशेबाला आजारी होती. मी नर्स, मला अहवाल वाचून कळत होते की ही हिवाळा काढणार नाही. म्हणून मी महिनाभर आधीच व्हिसा काढून ठेवला. सोमवारच्या रात्री, आमच्या घड्याळात दीड वाजता, भाचीचा फोन आला. तिथे साडेअकरा वाजले होते. सकाळी नऊच्या विमानात मुलाने जागा मिळवली. साडेतीन तासांनी, तिथल्या साडेदहाला मी उतरले. भाचा मोटार घेऊन उभा होता. एक वाजता मी घरी होते, दोन वाजता दफन. तिच्या तोंडावरची चादर बाजूला करून भाचीने मला एकदा पाहू दिले. काद्दीश म्हटली तेव्हा मी तिथे उभी होते. फोन आल्यापासून साडेचौदा तास.

ठाण्याला माझा भाऊ आहे. त्यालाही त्याच वेळी फोन गेला होता. मुंबईहून त्या दिवशी थेट विमान नव्हते, आणि त्याच्याकडे व्हिसा नव्हता. तो हातात येईपर्यंत शिवा उठली होती. त्याने ठाण्याच्या घरात एकट्याने सात दिवस काढले. अंतर माझ्यापेक्षा दुप्पट होते म्हणून तो राहिला असे नव्हे. कागद नव्हता म्हणून राहिला. तेव्हा ज्यांची सख्खी माणसे तिकडे आहेत आणि वय झालेली आहेत, त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे की, व्हिसा असो, पासपोर्टची मुदत असो, इस्रायलहून इकडे यायचे असेल तर ओसीआय कार्ड असो, ते माणूस धडधाकट असतानाच तपासून ठेवा. आजाऱ्याच्या उशाशी बसून अर्ज भरायला सुचत नाही. मी इस्पितळात चौतीस वर्षे हेच पाहिले.

सादियात बेट आमच्या शेजारीच आहे. तिथे अब्राहमिक फॅमिली हाऊस नावाचे संकुल आहे. एक मशीद, एक चर्च आणि एक सिनेगॉग, तिन्ही एकाच आकाराच्या चौकोनी इमारती. फेब्रुवारी २०२३मध्ये त्याचे उद्घाटन झाले, मार्चपासून लोकांना पाहायला खुले झाले. सिनेगॉगला नाव दिले आहे मोझेस बेन मायमॉन, म्हणजे आपले रामबाम. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा मला रामबामचा भाऊ दावीद आठवला. तो जवाहिऱ्याचा व्यापारी. रामबाम अभ्यास करत आणि हा घर चालवत असे. आठशे पन्नास वर्षांपूर्वी तो तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरातून हिंदुस्थानकडे निघाला. निघताना भावाला लिहिलेले त्याचे पत्र कैरोच्या गेनिझात सापडले आहे. आपल्या समुद्रात त्याचे जहाज बुडाले. रामबाम त्या दुःखाने वर्षभर अंथरुणाला खिळले होते. ते स्वतः वैद्य! त्यांना ती बातमी किती महिन्यांनी कळली असेल? आपले पूर्वज नौगावच्या खडकांवर फुटलेल्या जहाजातून आले असे आपण सांगतो. हा समुद्र आपल्या घरचा आहे आणि त्याने आपल्याकडून पुष्कळ घेतलेही आहे. म्हणून त्याच्यावरून तीन तासांत जाताना मी खिडकीपाशी बसते आणि खाली पाहते. सून म्हणते, आई, खाली नुसतं पाणी आहे. असू दे.

आता तुमच्या प्रकृतीबद्दल, नाहीतर मंडळ मला पुन्हा बोलावणार नाही.

विमानाच्या आत हवेचा दाब जमिनीइतका नसतो. सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावा तितका असतो. महाबळेश्वर साडेचार हजार फूट आहे. तुम्ही त्याच्याही वर, सिमल्याच्या आसपास बसलेले असता. धडधाकट माणसाला काही होत नाही, पण ज्याचे हृदय किंवा फुफ्फुसे अशक्त आहेत, ज्याचे नुकतेच ऑपरेशन झाले आहे, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नये. मुलाने तिकीट पाठवले म्हणून जावेच लागते असे नाही.

दुसरे, पाय. चार तासांहून जास्त वेळ एका जागी बसून प्रवास केला तर पायाच्या शिरेत रक्त गोठण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निघाले. घाबरू नका, मुळात हा धोका फार थोड्यांना असतो. साधारण सहा हजारांत एक. पण वय, लठ्ठपणा, शिरा फुगलेल्या असणे, पूर्वी गाठ झालेली असणे, ह्यांनी तो वाढतो. मला लोक सांगतात, 'मावशी, अबूधाबीला उतरून गेलं की प्रत्येक टप्पा चार तासांच्या आतला, मग काळजी नाही.' अर्धेच खरे. एकामागून एक दोन विमाने धरली आणि मधले तीन तास खुर्चीत पेंगत काढले, तर शरीराच्या लेखी तो एकच लांब प्रवास. मध्ये उतरल्यावर चाला. दुकाने पाहा, विकत काही घेऊ नका, पण चाला. विमानात टाचा वर-खाली करत राहा, पाणी प्या. लघवीला उठावे लागते म्हणून पाणी न पिणाऱ्या बायका मी फार पाहिल्या. बहिणींनो, उठावे लागते हाच त्या पाण्याचा फायदा आहे, म्हणून मार्गिकेच्या कडेची जागा घ्या आणि शेजारच्याची भीड बाळगू नका.

औषधे हातातल्या पिशवीत, सामानात नव्हे. इन्सुलिन तर कधीच खालच्या सामानात टाकू नये, ते गोठू शकते, आणि बॅग हरवली तर बॅगेबरोबर तेही गेले. दीड-दोन तासांच्या घड्याळाच्या फरकाने रक्तदाबाच्या गोळीचे काही बिघडत नाही. मी स्वतः हातावर मुंबईचेच घड्याळ ठेवते आणि गोळ्या त्यावरच घेते. इन्सुलिनवाल्यांनी मात्र जेवणाच्या वेळा आणि मात्रा निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. आणि जे अबूधाबीत विमानतळाबाहेर पडून मुलांकडे राहणार आहेत त्यांनी हे नीट ऐका. कोडीन, ट्रॅमाडॉल अशी आपल्याकडे सहज लिहून मिळणारी काही दुखण्याची औषधे अमिरातीत नियंत्रित आहेत. आधी परवानगी काढावी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ वेष्टन जवळ ठेवा. गोळ्या चांदीच्या कागदातून काढून जुन्या बाटलीत भरून नेण्याची आपली सवय तिथे अडचणीत आणते.

शब्बाथचे एक सांगते. शुक्रवारी पश्चिमेला निघालात की घड्याळ मागे जाते आणि वाटते, वेळ मिळाला. हिवाळ्यात तिकडे सूर्य पावणेपाचच्या आसपास मावळतो. विमानाला एखादा तास उशीर झाला की लोद विमानतळावरच मेणबत्त्यांची वेळ. शुक्रवारचे तिकीट स्वस्त असते ते उगीच नव्हे. गुरुवारी निघा. किप्पूरला तर तिथला विमानतळच बंद असतो.

हे सगळे सांगताना मला एका गोष्टीवर गप्प बसता येत नाही. ७ ऑक्टोबर २०२३नंतर कितीतरी कंपन्यांनी तिकडची विमाने बंद केली, पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद केली. १३ जून २०२५ला इराणशी युद्ध पेटले आणि इस्रायलचे आकाशच बंद झाले. माझी भाची त्या वेळी आमच्याकडे अल रीमला चार दिवसांसाठी आली होती, ती अडकली. तिची दोन मुले बीरशेबाला, आश्रयखोलीत. नातवाच्या गोलावर ते अंतर होते तेवढेच होते, एकवीसशे किलोमीटर. ती रात्रभर गॅलरीत उभी राहायची. शेवटी कोणी जॉर्डनमार्गे, कोणी इजिप्तमार्गे रस्त्याने ये-जा करू लागले. भारत सरकारनेही ऑपरेशन सिंधूमध्ये आपल्या नागरिकांना त्याच दोन देशांतून बाहेर काढले. भाची अम्मानपर्यंत विमानाने आणि पुढे पुलावरून रस्त्याने गेली. अठ्ठावीस तास लागले. तिला मी निघताना चार दशम्या बांधून दिल्या होत्या, त्यांतली एकही उरली नाही, असा तिचा घरून निरोप आला. आजीच्या हिशेबाने चार भाकऱ्यांची वाट.

म्हणून कोणत्या कंपनीचे विमान आज जाते आणि कोणते जात नाही हे मी इथे सांगत नाही. आज सांगितलेले ही स्मरणिका तुमच्या हाती पडेपर्यंत बदललेले असेल. तिकीट काढायच्या दिवशी विचारा, आणि निघण्याच्या आदल्या रात्री पुन्हा विचारा. ज्यांना अबूधाबीला दोन विमानांच्या मध्ये रात्र काढायची वेळ येईल त्यांनी आमच्याकडे यावे. माझा मुलगा आज इथे आहे, त्याच्याकडून फोन नंबर घ्या. घरात कोशेर भांडी वेगळी आहेत, आणि माशाची आमटी मी अजून नारळाच्या दुधातच करते.

मागे चहा-फराळ मांडलेला दिसतो आहे, आणि मलिदाची ताटेही तयार झालेली आहेत.